‘कार्ड जिता आसा, मगे मेलो कोण?’ – शिरोड्यातल्या एका कॉम्प्युटरचं प्रकरण

गेल्या श्रावणातली गोष्ट. शिरोड्याहून एका मुलाचा फोन आला, "दादा, ग्राफिक्स कार्ड गेलंय. बघायला याल काय?" म्हणजे विचारणं बघायला येण्यापुरतंच, कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा भाग, गेलंय हे ठरलेलं होतं. सावंतवाडीत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात पुष्कळ वर्षं काढल्यावर एक सवय लागलीय. गिऱ्हाईक निदान सांगूनच बोलावतं तेव्हा मी हो म्हणतो आणि पिशवीत सगळंच भरतो. मल्टिमीटर, भिंग, टॉर्च, आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली, जुना टूथब्रश आणि चाचणीसाठी ठेवलेलं एक जीटी 710 कार्ड. या जीटी 710नं पुढे मला तोंडघशी पाडलं, म्हणून त्याचं नाव आत्ताच घेऊन ठेवतो.

मळेवाडमार्गे भिजत पोचलो. घर वेळागराच्या अंगाला, माडांत, कौलारू. गाज घरात बसून ऐकू येते. पडवीला काचेच्या खिडक्या लावून एक खोली केलेली, त्यात टेबल आणि टेबलाच्या कडेला, खिडकीखाली, कॅबिनेट. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून भिंतीला टेकवलेलं आणि उघड्या पोटावर एक टेबल फॅन रोखलेला. मुलाचे आजोबा झोपाळ्यावर बसून होते. निवृत्त शिक्षक. मी चपला काढतोय तोवर त्यांनी त्यांचं निदान सांगून टाकलं, "गरम झालो काय बंद पडता. मी पयल्यापासून सांगतंय."

मुलगा दशावतारी नाटकांचे व्हिडिओ करतो. कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की रात्ररात्र जागून नाटकं शूट करायची आणि पावसाळ्यात घरी बसून ती संकलित करायची, हे त्याचं वर्षाचं गणित. चतुर्थीच्या आत चार नाटकं द्यायची होती आणि एकही शेवटपर्यंत बाहेर पडत नव्हतं.

मशीन 2020 च्या शेवटी जोडून घेतलेलं. प्रोसेसर आय5-9400एफ, साधा एच310 मदरबोर्ड, 16 जीबी रॅम, 450 वॉटचा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, आणि जीटीएक्स 1650, चार जीबीचं. त्यातही वेगळी पॉवर केबल न लागणारं मॉडेल. हे कार्ड लागतील तेवढे सगळे 75 वॉट मदरबोर्डवर ते ज्या खाचेत बसतं त्या स्लॉटमधूनच ओढतं.

तक्रार अशी. मशीन सुरू होतं, इंटरनेट चालतं, यूट्यूब चालतं, संकलनसुद्धा बरंचसं होतं. पण तयार नाटक एक्स्पोर्टला, म्हणजे एकसंध व्हिडिओ करून बाहेर काढायला, लावलं की दहा-पंधरा मिनिटांत स्क्रीन काळी. कार्डाचे पंखे एकदम मोठ्यानं ओरडायला लागतात. गंमत म्हणजे मागे गाणं लावलेलं असेल तर ते वाजतच राहतं. आणि गेल्या आठवड्यापासून नवीनच: पहाटे मशीन लावलं तर मॉनिटरवर नुसतं ‘नो सिग्नल’, दुपारी लावलं तर व्यवस्थित.

गाणं वाजत राहतं हा तपशील मुलानं सहज सांगितला, पण तो मोलाचा होता. मशीन अख्खं हँग झालं तर आवाजही अडकतो. इथे प्रोसेसर, रॅम, विंडोज सगळं जागेवर होतं, फक्त कार्ड गायब झालं होतं. विंडोज कार्डाला काम देतं आणि दोन सेकंद उत्तराची वाट बघतं. उत्तर आलं नाही तर ड्रायव्हरला, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामला, हलवून उठवतं. विंडोजच्या नोंदवहीत, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ‘डिस्प्ले’च्या नावावर 4101 क्रमांकाच्या नोंदी दिसतात त्या याच्या: ड्रायव्हर गप्प झाला, पण सावरला. मुलाच्या मशीनवर जून अखेरीपासून अशा नोंदींची रांग होती. आधी चार दिवसांतून एक, मग रोज, मग दिवसातून तीन-चार. नंतर नंतर तर सावरणंही बंद. कार्डच जागेवर नसेल तर ड्रायव्हर उठवून कोणाला उठवणार?

माझ्या आधी दोन उपाय झाले होते. मुलानं स्वतः ड्रायव्हर तीनदा काढून घातला होता, सेफ मोडमध्ये जाऊन, अगदी नीट. त्याबद्दल त्याला मनात शाबासकी दिली. दुसरा उपाय एका दुकानाचा. त्यांनी मॉनिटरची केबल कार्डातून काढून मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावली, तिथेही काही दिसलं नाही, म्हणून कार्ड आणि मदरबोर्ड दोन्ही गेले असा निकाल दिला. खर्च 21,000 रुपये.

आता त्या प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर बघा. एफ. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतो त्याच्या पोटात ग्राफिक्स नसतं. मदरबोर्डला एचडीएमआयचं भोक असतं, पण त्यामागे चित्र काढणारं कोणी नसतं. नवं असतानाही त्या भोकातून काही दिसलं नसतं. एका अक्षराची किंमत मदरबोर्डएवढी झाली असती. दुकानदाराला मी दोष देत नाही, घाईच्या दिवसात माझ्याकडूनही असं होऊ शकतं, पण 21,000 ही काही घाईत सांगायची रक्कम नव्हे.

मी सुरुवात बाहेरून केली. मॉनिटर दुसऱ्या केबलवर, केबल दुसऱ्या पोर्टवर, यूपीएस बाजूला काढून थेट भिंतीच्या सॉकेटवर. फरक नाही. मदरबोर्डला एक छोटा स्पीकर लावला. हल्ली कॅबिनेटबरोबर हा येत नाही आणि लोक विसरून गेलेत, पण पडदा काळा असताना बोलणारा तोच एक. एक लांब बीप आणि मागून आखूड. आखूड किती ते बायोस, म्हणजे मशीन उठवणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम, त्याच्या बनावटीप्रमाणे बदलतं, पण एका लांब बीपनंतर आखूड आले की बहुतेक वेळा तक्रार चित्राच्या बाजूची असते.

मग आजोबांच्या निदानाची पाळी. त्यांचा मान राखून मी खरोखरच तपासलं. कार्ड काढून परत बसवल्यावर पडदा आला. तपमान बघत एक्स्पोर्ट लावला. 66, 67, 68 अंशांवर कार्ड स्थिर. बाराव्या मिनिटाला पडदा गेला तेव्हा शेवटचा आकडा 68 होता. ग्राफिक्स कार्डाला हा आकडा काहीच नाही. आजोबांना सांगितलं, गरम होऊन बंद पडत नाही. ते म्हणाले, "पण बंद गरम झाल्यारच पडता ना?" त्या क्षणी मला तो नुसता हट्ट वाटला.

त्यानंतर मी जीटी 710 काढलं. मूळ कार्ड काढून ते बसवलं, पडदा आला. एक्स्पोर्ट लावला. संथ चालला, पण अर्धा तास, पाऊण तास, काही झालं नाही. वहिनींनी तोवर आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ आणून ठेवली होती. आंबोळी खाता खाता मी निकाल दिला: कार्ड गेलं. मदरबोर्ड चांगला, एसएमपीएस चांगला. कार्ड दुकानात नेऊन बघतो, दुरुस्त होण्यासारखं असलं तर ठीक, नाहीतर दुसरं बघू.

ही माझी चूक. ती नेमकी काय होती ते पुढे.

दुकानात कार्ड टेबलावर घेतलं. सवयीनं पहिलं काम केलं ते त्याच्या खालच्या सोनेरी पट्ट्या पुसण्याचं. कापसाला आयसोप्रोपिल लावून फिरवलं तर कापूस हिरवट काळा झाला. दोनदा पुसलं, पट्ट्या चकाकल्या. मग ते माझ्या चाचणीच्या मशीनवर लावलं आणि पूर्ण भार दिला. दोन तास. जेवून आलो, अजून चालू. संध्याकाळी दुकान बंद करेपर्यंत चालू. कार्डाला काहीही झालेलं नव्हतं.

शिरोड्याला फोन केला. आजोबांनी उचलला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कार्ड जिता आसा, मगे मेलो कोण?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि ते नसण्याला मीच कारण होतो. कार्ड जसं आलं तसं, न पुसता लावून बघायला हवं होतं. पुसून मग चाचणी केली, त्यामुळे दोन शक्यता एकमेकींत मिसळल्या. कार्ड आधीपासूनच चांगलं होतं, की पट्ट्यांवरचा मळ हाच आजार होता आणि तो मी कापसानं पुसून टाकला? पोलिसानं आधी घर झाडून घ्यावं आणि मग ठसे शोधावेत, तसलाच प्रकार. शिवाय स्लॉटमधून कार्ड काढणं-घालणं हीच अर्धी सफाई असते. पट्ट्या आणि पिना एकमेकींवर घासतात आणि वरचा थर खरवडला जातो. म्हणजे त्या घरी मी जेवढ्या वेळा कार्ड काढून घातलं, तेवढ्या वेळा पुरावा थोडा थोडा पुसत होतो.

आणि जीटी 710? ते कार्ड जेमतेम 19 वॉटचं. त्याच्या जागी जे होतं ते 75 वॉटचं. ज्या साकवावरून सायकल गेली त्यावरून चिऱ्यांचा ट्रक जाईल असं मी आंबोळी खात जाहीर केलं होतं. बदली कार्डावर मशीन चाललं याचा अर्थ एवढाच होता की 19 वॉटपर्यंत तिथे काही बिघडत नाही.

दोन दिवसांनी कार्ड घेऊन परत गेलो. बसवलं, पडदा आला, मुलाचा चेहरा खुलला. एक्स्पोर्ट लावला. या वेळी बारा मिनिटांऐवजी पस्तीस मिनिटं टिकला आणि मग तेच. काळा पडदा, पंख्यांचा आरडाओरडा, मागे गाणं चालू. म्हणजे पट्ट्या पुसल्याचा फायदा झाला होता, पण अर्धाच. दुसरं अर्धं मशीनमध्ये होतं.

पहिला संशय एसएमपीएसवर, कारण 450 वॉटचा साधा डबा पाचव्या वर्षी दमलेला असणं अगदी शक्य. डब्यातून येणाऱ्या मोकळ्या मोलेक्स कनेक्टरच्या पिवळ्या, बारा व्होल्टच्या तारेवर मीटर धरला. बाराचा पुरवठा रिकामा असताना 12.1, भारावर 11.9. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे 11.4 पर्यंत ठीक. डबा निर्दोष सुटला.

मग राहिलं काय? डब्यातून वीज नीट निघते, कार्ड नीट घेऊ शकतं, आणि मध्ये आहे तो फक्त स्लॉट.

इथे थोडं थांबून स्लॉट कसा असतो ते सांगतो, कारण सगळं प्रकरण त्या एका इंचात आहे. कार्डाचा लांब स्लॉट नीट बघितला तर त्यात एक आडवी भिंत दिसते. तिच्या एका बाजूला मोठा भाग, दुसऱ्या बाजूला, कॅबिनेटच्या मागच्या अंगाला, छोटा तुकडा. एकूण 164 संपर्क, त्यातले 22 छोट्या तुकड्यात. माहितीची सगळी ये-जा मोठ्या भागातून. वीज मात्र त्या छोट्या तुकड्यातून, आणि बारा व्होल्ट तर फक्त पाच पिनांतून. पाच पिनांनी मिळून साडेपाच अँपियर वाहायचा, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला 1.1. त्यातल्या तीन नीट टेकत नसतील तर सगळा भार दोघींवर. त्या तापतात, तापल्या की गंजतात, गंजल्या की अजून तापतात. यूट्यूब बघताना कार्ड इतकी कमी वीज घेतं की दोन पिनांवरही भागतं. एक्स्पोर्ट लागला की भागत नाही.

हे सगळं डोक्यातलं. दाखवायचं कसं? मीटरचं एक टोक मोलेक्सच्या पिवळ्या तारेत खोचलं. दुसरं टोक कार्डाच्या पाठीवर, जिथे स्लॉटमधले बारा व्होल्ट कार्डात शिरल्या शिरल्या एका कपॅसिटरला भेटतात, तिथे टेकवलं. दोन्ही ठिकाणी बाराच व्होल्ट असायला हवेत, म्हणून मीटरवर जवळपास शून्य दिसायला हवं. जे दिसेल ते वाटेत हरवलेलं. (चालू मशीनमध्ये सुई घसरली तर कार्ड खरंच मरेल. माझ्या सुईला टोकाचे दोन मिलिमीटर सोडून चिकटपट्टी गुंडाळलेली असते. हे बघून कोणी घरी करायला जाऊ नये.)

रिकाम्या मशीनवर 0.08. एक्स्पोर्ट लावला, 0.31. पाच मिनिटांनी 0.44. मुलगा शेजारी उकिडवा बसून आकडे वहीत लिहीत होता. दहाव्या मिनिटाला 0.60 झाला आणि मग आकडा नाचायला लागला. 0.58, 0.71, 0.55, 0.90. चांगल्या संपर्कावरचा आकडा नाचत नाही. मी मुलाला म्हटलं, आता बघ. तो पडद्याकडे बघायला वळला आणि पडदा गेला.

मशीन बंद करून प्लग काढला, कार्ड काढलं, टॉर्च आणि भिंग घेऊन स्लॉटमध्ये बघितलं. मोठा भाग स्वच्छ. छोट्या तुकड्यात, भिंतीला लोणा फुटतो तसा पांढरट चुरा, त्यात हिरव्या कडा. दोन पिना काळवंडलेल्या. त्यांच्या शेजारचं प्लास्टिक उकळत्या चहाचा डाग पडावा तसं तपकिरी. आजोबा झोपाळ्यावरून उठून आले, भिंग डोळ्याला लावलं, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे गरम झालो तो हंय." त्यांचं बरोबरच होतं. मी कार्डाचं तपमान मोजत होतो, तापत होती ती दोन तांब्याची टोकं, ज्यांचा आकडा कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही.

पण बावीसच संपर्क का खराब झाले, बाकी 142 का नाही? वर बघितलं. कॅबिनेटच्या डोक्यावर पंख्याची जाळी, जाळीच्या मागच्या कोपऱ्यात वाळलेला तपकिरी ओघळ. त्याच्या बरोबर वर कौलांत एक फुटकी कोर. मोठी गळती नव्हे, जोराच्या सरीला एखाद-दुसरा थेंब. तो जाळीतून कार्डाच्या पाठीवर पडणार आणि पाठीवरून ओघळत कार्ड जिथे स्लॉटमध्ये शिरतं तिथे थांबणार. थेंब उन्हात सुकून जातो, मागे जे राहतं ते नाही जात.

मागे राहतं ते मीठ. 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला ते हेच शिरोडं, मिठागरांचं गाव. उन्हाळाभर समुद्राची खारी हवा कौलांवर, माडांवर, खिडकीच्या गजांवर मीठ बसवत असते. पहिल्या सरी ते धुऊन खाली आणतात. मिठाचा एक गुण प्रत्येक घरात माहीत असतो: पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. आषाढ-श्रावणात आपल्याकडे आर्द्रता त्याच्या खाली क्वचितच उतरते. म्हणजे स्लॉटमधला तो चुरा जूनपासून सतत ओला. आणि त्या छोट्या तुकड्यात बारा व्होल्टची पिन आणि अर्थची पिन एकमेकींपासून एक मिलिमीटरवर. ओलं मीठ, धातूची दोन टोकं, मध्ये वीज. शाळेत बीकरमध्ये करतात तो प्रयोग या पडवीत दोन महिने चालू होता. नोंदींची रांग जूनअखेरीपासून का सुरू झाली आणि पहाटे मशीन का उठत नव्हतं, हेही त्यातच आलं. रात्रभर बंद मशीन गार पडतं, ओल वाढते. दुपारी हवा तापली की जरा सुकतं.

आणि टेबल फॅन. तो कार्ड गार ठेवायला आजोबांनी मे महिन्यात लावला होता. खिडकीतून येणारी खारी ओली हवा दिवसभर उघड्या कॅबिनेटमध्ये भरण्याचं काम त्यानं इमानेइतबारे केलं. हे त्यांना सांगताना मी शब्द जपून वापरले. त्यांनी काही न बोलता उठून फॅनचा प्लग काढला.

स्लॉटची सफाई हे कंटाळवाणं काम आहे, त्यावर फार लिहीत नाही. आधी कोरड्या ब्रशनं चुरा मोकळा करून फुंकणीनं उडवला, मग 99 टक्क्यांच्या आयसोप्रोपिलमध्ये भिजवलेला मऊ ब्रश, मग निकामी झालेल्या एका जुन्या कार्डाच्या पट्ट्या अल्कोहोलनं ओल्या करून आत-बाहेर, आत-बाहेर, तीसेक वेळा. दर पाच वेळांनी पट्ट्या पुसायच्या. शेवटी कापूस स्वच्छ निघाला. सॅण्डपेपर वापरायचा नाही. पट्ट्यांवरचं सोनं एका मायक्रॉनहूनही पातळ असतं, ते गेलं की खालचा धातू उघडा पडतो आणि पुढच्या पावसाळ्यात दुप्पट वेगानं खातो. खोडरबर चालतो, पण पेन्सिलीचा, मऊ. शाईचा खरखरीत रबर म्हणजे सॅण्डपेपरच. आणि कडीकोयंड्यांना मारायचा तेलाचा स्प्रे तर स्लॉटमध्ये कधीच नको. चिकट थर राहतो आणि त्यावर धूळ बसते. असे तेल पाजलेले दोन मदरबोर्ड माझ्या दुकानात पडून आहेत.

सुकवायला कोकणातला जुनाच उपाय: पावसाळ्यात कपाटात लावतात तसा पिवळा बल्ब कॅबिनेटजवळ, दोन तास.

त्या दोन तासांत भिंतीचं सॉकेट तपासलं, कारण मुलगा जाता जाता बोलला होता की ओल्या हातानं कॅबिनेटला हात लावला की झिणझिण येते. फेज आणि न्यूट्रलमध्ये 226 व्होल्ट. फेज आणि अर्थमध्ये 118. म्हणजे सॉकेटला तीन भोकं आहेत, तिसऱ्यामागे काही नाही. अर्थ नसला की एसएमपीएसच्या तोंडाशी जे छोटे कपॅसिटर असतात ते कॅबिनेटच्या पत्र्याला मेनच्या निम्म्या व्होल्टेजवर तरंगत ठेवतात. करंट अगदी बारीक, म्हणून माणूस झिणझिणीवर सुटतो. पण चालू मशीनला टीव्हीची एचडीएमआय लावताना तेवढ्यानंही पोर्ट उडू शकतं. या घरी अर्थिंगचा गज जमिनीत पुरलेला होता, पण खाली जांभा. दोन फुटांवर कातळ लागला म्हणून गज तेवढाच ठोकून वरचा कापून टाकलेला, आणि वायर त्याच्यापासून कधीच तुटून बाजूला पडलेली. वायरमनला सांगून विहिरीच्या कडेच्या ओल्या मातीत नवा खड्डा घ्यायला सुचवलं. या बिघाडाशी त्याचा थेट संबंध नव्हता, पण बघून गप्प बसण्यासारखं नव्हतं.

कार्ड परत बसवलं. दोन्ही सुया जागेवर. रिकाम्यावर 0.01. एक्स्पोर्ट लावला, 0.06. दहा मिनिटं, 0.06. वीस मिनिटं, 0.06. आकडा चिखलात रुतल्यासारखा हलेना. अख्खं नाटक, चार तासांचं, पहिल्यांदाच शेवटपर्यंत बाहेर पडलं, पण तोवर मी सावंतवाडीत पोचलो होतो. मुलानं शंभर टक्के झालेल्या पट्टीचा फोटो पाठवला.

निघण्यापूर्वी मशीन हलवलं होतं. पडवीतून माजघरात, आतल्या भिंतीला, जमिनीपासून फूटभर उंच फळीवर. बाजूचं झाकण लावलं. मागच्या रिकाम्या खाचांना पत्र्याच्या पट्ट्या नव्हत्या, त्या बसवल्या. ओली हवा सोडा, त्यातून पालही आत जाते, आणि पालीनं मारलेले बोर्ड मी कमी बघितलेले नाहीत. काम नसलं तरी पावसाळ्यात रोज तासभर मशीन चालू ठेव असं मुलाला सांगितलं. चालू मशीन चार अंश उबदार असतं, तेवढ्यानं आत ओल धरत नाही. कौल बदलायचं काम आजोबांनी अंगावर घेतलं.

एक गोष्ट मी लपवली नाही. त्या दोन काळवंडलेल्या पिनांवरचं सोनं गेलेलं आहे. सफाईनं संपर्क परत आला, सोनं येत नाही. स्लॉट बदलून मिळतो, पण 164 टाके काढून परत घालायचे म्हणजे चांगलं यंत्र आणि चांगला हात हवा, आणि त्या मजुरीत जुना एच310 बोर्डच येतो. मुलानं विचारलं, ऑनलाइन मिळते तसली, कार्ड स्लॉटपासून लांब बसवू देणारी रायझर केबल चालेल काय, वेगळी पॉवर घेणारी? म्हटलं, स्वस्तातल्या बऱ्याच रायझर हार्डडिस्कच्या साटा कनेक्टरवरून पॉवर घेतात. तो कनेक्टर बारा व्होल्टवर 54 वॉटपर्यंतचा, आपलं कार्ड 75 चं. ती वाट वितळण्याकडे जाते. तेव्हा आत्ता आहे तसं चालवायचं, लक्ष ठेवायचं, आणि पैसे जमले की बोर्ड.

बिल 1,500 झालं, दोन्ही फेऱ्यांचं पेट्रोल धरून. पहिल्या दिवशी कार्ड गेलं म्हणून सांगितलं त्या फेरीचे पैसे मी घेणार नव्हतो, वहिनींनी ऐकलं नाही. वर एक शहाळं आणि सोलांची पिशवी.

कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी पेन्सिलीनं तारीख आणि 0.06 लिहून आलो होतो. दिवाळीत गोव्याला जाताना वाटेत थांबलो, झाकण काढलं, मोजलं. 0.09. त्याच्या खाली तेही लिहिलं. मुलगा म्हणाला, वाढलंय. वाढलंय, पण नाचत नाही, मी म्हटलं. मृगाच्या आधी परत यायचं ठरलंय. तिसऱ्या आकड्यासाठी खाली जागा सोडलीय.